लंडनमधल्या झोहराबाई

'चीनी कम'मधली अमिताभची खट्याळ आई आठवतेय ना? त्या झोहरा सेहगल. त्यांच्या लंडनमधल्या वर्षांबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

उदय शंकरांच्या पथकात नाचून, मग पृथ्वी थिएटर्समध्ये चौदा वर्षं काढून बाई १९६२ साली लंडनला गेल्या. वय ५०, नवरा वारलेला, दोन मुलं. तिथे त्यांना कोण ओळखणार? ओल्ड व्हिक नाट्यगृहात त्यांनी चक्क ड्रेसरची नोकरी धरली, म्हणजे रंगपटात नटांना कपडे चढवायचे! हे वाचून मला कसंसंच झालं. पण त्या काळात तिथल्या नाटकांत, मालिकांत भारतीय बाईला भूमिका तरी किती असणार? किरकोळ कामं मिळत राहिली. १९७६-७७ मध्ये बीबीसीवर 'पडोसी' केली, तीही मुख्यतः आपल्यासारख्या स्थलांतरितांसाठी.

मोठी भूमिका आली ती १९८४ मध्ये, 'द ज्युएल इन द क्राउन'मधली लेडी चॅटर्जी. बाई तेव्हा ७१ वर्षांच्या! आणि गंमत बघा, दार उघडलं कधी, तर इंग्रजांना आपल्या गेलेल्या राज्याचे उमाळे यायला लागले तेव्हा. पाठोपाठ 'तंदूरी नाइट्स', १९९३ मध्ये 'भाजी ऑन द बीच'. 'चीनी कम' आला २००७ मध्ये, तेव्हा त्या ९५ वर्षांच्या होत्या.