हिवाळ्यात सुतार पक्षी अचानक का दिसू लागतात?

सातारचा अजिंक्यतारा असो की सांगलीजवळचा दंडोबाचा डोंगर, थंडीत सकाळी फिरायला गेलात तर झाडीतून 'टक टक टक' असा आवाज कानावर येऊ शकतो. वर पाहिलं तर खोडाला चिकटून सरसर वर चढणारा सुतार पक्षी!

हा पाहुणा आहे का?

नाही. आपल्याकडचे सुतार पक्षी वर्षभर इथेच राहतात. थंडीत पानगळ सुरू होते, फांद्या उघड्या पडतात आणि ते नजरेस येतात. शिवाय हिवाळा सरता सरता त्यांच्या विणीची तयारी सुरू होते, त्यामुळे खोडावर चोच आपटण्याचा आवाजही वाढतो.

कोणता सुतार दिसला?

सोनपाठी सुतार मैनेपेक्षा मोठा असतो. पाठ सोनेरी, तुरा लाल. उडताना खिदळल्यासारखा ओरडतो.

मराठा सुतार साधारण बुलबुलाएवढा. काळपट पाठीवर पांढरे ठिपके, कपाळ पिवळसर. नराच्या डोक्यामागे लाल पट्टा. कोरड्या भागातल्या विरळ झाडीत, बाभळीवरही दिसतो. त्याच्या शास्त्रीय नावातही 'मराठा' आहे : महरॅटेन्सिस!

डोकं दुखत नाही का?

कवटीत 'शॉक अॅब्झॉर्बर' असतो, असं आपण वाचत आलो. पण 2022 मध्ये 'करंट बायॉलॉजी'त आलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. डोकं धक्का शोषत नाही, ते हातोडीसारखं ताठ राहतं. धक्का शोषला गेला तर घावच बोथट होईल. मेंदू लहान असल्यामुळे तो हे घाव सहन करतो.

वाळकं झाड कशाला ठेवायचं?

मेलेलं, पोखरलेलं लाकूड कोरायला सोपं. त्यातल्या अळ्या म्हणजे सुताराचं खाद्य आणि खोडात कोरलेली ढोली म्हणजे घर. बहुतेक सुतार दरवर्षी नवी ढोली कोरतात. जुनी ढोली मग मैना, पोपट, पिंगळा, दयाळ असे पक्षी वापरतात. यांपैकी बहुतेकांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही. म्हणजे बांधावरचं एक वाळकं खोड सरपणाला गेलं, की अनेकांची घरं जातात.

घर, रस्ता किंवा विजेच्या तारांना धोका नसेल, तर असं खोड उभं राहू द्या. फोटो जरूर टाका, पण ढोलीचं नेमकं ठिकाण टाकू नका. गर्दी झाली की पक्षी घरटं सोडू शकतात.