कोऱ्या कागदातले चित्र

छायाचित्र म्हटले की कोणाला फिल्म आठवते, जुन्या मंडळींना काच आठवते. आजच्या मुलांना तर खिशातला फोनच. परंतु वाचकहो, एका उलट्या चित्रावरून हवी तितकी सुलटी चित्रे काढण्याची जी युक्ती पुढे दीडशे वर्षे जगभर चालली, तिची सुरुवात झाली ती साध्या लिहिण्याच्या कागदावर.

हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज गृहस्थाला चित्रे काढण्याची हौस दांडगी, हात मात्र बेताचा. १८३३ साली इटलीत, कोमो सरोवराच्या काठी, लोलकाचे यंत्र डोळ्यापुढे धरून त्याने देखावा रेखाटून पाहिला. तो काही जमेना. तेव्हा त्याच्या मनात आले, हा देखावा कागदाने आपला आपणच काढून घेतला तर? घरी परतल्यावर त्याने कागद मिठाच्या पाण्यातून काढून वाळवला आणि वरून सिल्व्हर नायट्रेटचा हात दिला. असा कागद उजेडात काळा पडतो. तो लहान लहान लाकडी पेट्यांत घालून त्या पेट्या तो घराभोवती मांडून ठेवी. त्याची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदरांचे सापळे म्हणे! अशाच एका पेटीत १८३५ च्या ऑगस्टात लेकॉक येथील त्याच्या घराची जाळीदार खिडकी उमटली. चित्र जेमतेम इंचभर, पण भिंगाखाली धरले तर खिडकीची सुमारे दोनशे तावदाने मोजता येत.

चित्र अर्थातच उलटे होते. वर्गात हे समजावताना मी फळ्यावर खडूने माणसाचा चेहरा काढतो. मुले हसतात, कारण तोंड काळे आणि केस, मिशा पांढऱ्याशुभ्र! उजेड जिथे जास्त तिथे कागद जास्त काळा, एवढेच त्यातले रहस्य. हे उलटे चित्र दुसऱ्या तयार कागदावर ठेवून उन्हात धरले की उलट्याचे सुलटे होते.

टॅल्बटने मात्र हे काम बाजूला ठेवले आणि तो दुसऱ्या अभ्यासात गढून गेला. १८३९ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची द्वाही फिरली, तेव्हा कुठे त्याला जाग आली. दागेरचे चित्र चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर, आरशासारखे लखलखीत; पण एकुलते एक. टॅल्बटचे कागदी चित्र धूसर, पण लेकुरवाळे.

खरा चमत्कार पुढेच आहे. १८४० च्या सप्टेंबरात त्याला दिसले, की चांदीचे क्षार लावलेला कागद कॅमेऱ्यात थोडाच वेळ ठेवून काढला तर तो कोराच दिसतो. पण त्यावर गॅलिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट यांचे मिश्रण फिरवले की दडलेले चित्र हळूहळू वर येते. तासाचे काम मिनिटांवर आले! १८४१ साली त्याने याचे पेटंट घेतले. आपल्याच विद्येच्या पायांत त्याने ही बेडी घातली, असे मला वाटते.

१८५१ साली काचेवरच्या निगेटिव्हची ओली रीत निघाली आणि युरोपात कागद मागे पडू लागला. आपल्याकडे तो अधिक टिकला, याचे कारण आपले ऊन. काच ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि सुकण्याआत धुवायचे, म्हणजे अंधारा तंबू सतत बरोबर हवा. मेण दिलेला कागद आधी तयार करून नेता येई आणि बिऱ्हाडी परतल्यावर रात्री सावकाश धुता येई. मद्रासच्या फौजेतला कॅप्टन लिनियस ट्राइप १८५५ साली ब्रह्मदेशात गेला तो असेच कागद घेऊन. ऐन पावसाळ्यात त्याने दोनशेवर निगेटिव्ह घेतल्या आणि परतल्यावर निवडक १२० चित्रांचे ५० संच छापले. निळ्या रंगाला हा कागद फार हळवा, म्हणून आकाश नुसते पांढरे येई. तेव्हा हा पठ्ठ्या निगेटिव्हवर रंगाने ढग काढी!

त्याच १८५५ साली तंजावरचे शिवाजीराजे वारले आणि भोसल्यांचे ते राज्य कंपनीने गिळले. तीन वर्षांनी ट्राइप कॅमेरा घेऊन तंजावरला बृहदीश्वरापुढे उभा राहिला. पण १८५९ साली मद्रासला आलेले गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांना हा सगळा खर्च म्हणजे चैन वाटली आणि ट्राइपचे काम थांबले.

विद्वानांनी टाकलेला कागद पुढे रस्त्यावरच्या माणसाने उचलला. तिकाटण्यावर लाकडी पेटी, मागे काळ्या कापडाची बाही. आत हात घालून तो ब्रोमाइडच्या कागदावरच तुमचे चित्र घेई आणि पेटीतल्या दोन भांड्यांत चाचपडत धुई. मग ती कागदी निगेटिव्ह भिंगापुढच्या फळीवर लावून तिचाच फोटो काढी; उलट्याचे उलटे, म्हणजे सुलटे! या कागदाला तांबडा रंग दिसत नाही, म्हणून तांबडे कुंकू काळे येई. अफगाणिस्तानात आणि जयपूरच्या रस्त्यावर अशा पेट्या एकविसाव्या शतकातही लोकांनी पाहिल्या. बादलीत बुचकळलेला फोटो तो गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवी, तेव्हा त्यातून पाणी ठिबकत असे.