पायांखालचं मैदान

१९८६ साली आमच्या मोहल्ल्यात एकाच घरी टीव्ही होता. मेक्सिकोत फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. ब्राझील आणि फ्रान्सचा सामना आपल्याकडे रात्री उशिरा लागला, तेव्हा त्या एका खोलीत आम्ही वीस-पंचवीस पोरं दाटीवाटीनं बसलो होतो. झिकोची पेनल्टी फ्रान्सच्या गोलरक्षकानं अडवली. पुढे ब्राझील हरलं. ब्राझील नकाशात कुठं आहे हे ज्यांना धड दाखवता आलं नसतं, ती आम्ही पोरं त्या रात्री रडलो. माझी थोरली आपा दाराआडून सामना बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “पेनल्टी म्हणजे काय रे?” मी म्हणालो, “तुला काय करायचंय?”

त्याच वेळी ब्राझीलच्या ईशान्येकडे, आलागोआस राज्यातल्या दोईस रियाशोस नावाच्या छोट्या गावात एक मुलगी चार महिन्यांची होती. मार्ता व्हिएरा द सिल्वा हे तिचं नाव. पुढे ती जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून सहा वेळा निवडली गेली. २००६ ते २०१० सलग पाच वर्षं, आणि पुन्हा २०१८ साली.

पण मंडळी, तिची गोष्ट तिच्या जन्माआधी पंचेचाळीस वर्षं सुरू होते. १९४१ साली गेतुलिओ वर्गास यांच्या राजवटीत ब्राझीलनं एक कायदा केला. स्त्रियांच्या ‘निसर्गाशी’ विसंगत असे खेळ स्त्रियांनी खेळू नयेत, असं त्यात होतं. आम्हा कवींना निसर्ग हा शब्द फार प्रिय. तो असा बेडीसारखा वापरलेला दिसला की वाईट वाटतं. त्याच्या आधी रिओच्या उपनगरांत बायकांचे संघ उभे राहू लागले होते, सामन्यांना गर्दी होत होती. कायदा त्या पायांसाठीच होता. १९६५ मध्ये तर फुटबॉलचं नाव घालूनच बंदी स्पष्ट केली गेली. ती उठली १९७९ साली. म्हणजे अडतीस वर्षं! या अडतीस वर्षांत ब्राझीलच्या पुरुषांनी तीनदा विश्वचषक जिंकला, पेले जगाचा झाला, आणि त्याच देशातली मुलगी मैदानात उतरली तर कायदा मोडत होती.

कायदा एका सहीनं उठतो. त्यानं मोडलेलं घर मात्र सहीनं उभं राहत नाही. क्लब नाहीत, पैसा नाही, मुलींना शिकवणारं कुणी नाही, अशा ओसाडीत मार्ता वाढली. ती तान्ही असतानाच वडील घर सोडून गेले. आई तेरेझानं चार लेकरं एकटीनं वाढवली. मार्ता मुलांबरोबर खेळायची. चेंडू नसला की पिशव्यांचा बोळा चेंडू व्हायचा. चौदाव्या वर्षी ती बसमध्ये बसली आणि तीन दिवसांनी रिओला उतरली. वास्को द गामा क्लबनं तिला घेतलं. (गोव्यातल्या आपल्या वास्कोचं नाव ज्या दर्यावर्द्यावरून, त्याच्याच नावाचा हा क्लब.) थोड्याच काळात त्या क्लबनं मुलींचा संघ बंद केला. हा पहिला दगा. शेवटचा नव्हे.

२००४ साली ती स्वीडनच्या उत्तरेकडच्या उमेओ गावी गेली. वय अठरा, भोवती बर्फ, भाषा परकी. पण तिथं संघ होता, पगार होता. पहिल्याच वर्षी संघानं युरोपातल्या क्लबांचा चषक जिंकला, पुढे सलग चार वेळा लीग जिंकली. लोक तिला ‘परकरातला पेले’ म्हणू लागले. कौतुकच ते, पण मापाची पट्टी मात्र पुरुषाचीच!

२००७ हे तिचं भरतीचं वर्ष. चीनमधल्या विश्वचषकात तिनं सात गोल केले. उपांत्य फेरीत अमेरिकेला ४-० असं लोळवताना तिनं केलेला एक गोल मी पुष्कळदा पाहिला आहे. पाठ गोलाकडे असताना तिनं चेंडू टाचेनं स्वतःच्याच मागे टाकला आणि बचावपटूला दुसऱ्या बाजूनं वळसा घालून तो गाठला. अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध तिची पेनल्टी अडवली गेली आणि ब्राझील हरलं. पदकं घेताना मुलींनी एक फलक धरला होता: आम्हाला पाठबळ हवं आहे. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ आपल्याच देशाकडे हात पसरत होता.

मग ती अमेरिकेत गेली, आणि इथून पुढचा प्रवास वाचताना मी दरवेळी थबकतो. २००९ ला ती लॉस एंजेलिस सोलकडून खेळली, लीगमध्ये सर्वाधिक गोल केले, आणि पुढच्या जानेवारीत क्लब बंद. २०१० ला एफसी गोल्ड प्राइडला विजेतेपद मिळवून दिलं. त्याच नोव्हेंबरात क्लब बंद. २०११ ला वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडून पुन्हा विजेतेपद मिळवलं, २०१२ ला अख्खी लीगच बंद. मधल्या सुट्टीत ती ब्राझीलच्या सांतोसकडून खेळली होती. त्यांनीही २०१२ च्या सुरुवातीला महिला संघ मोडला. पुन्हा स्वीडन, आता तीरेसो. २०१४ साली लिस्बनला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तिनं दोन गोल केले, तरी संघ ४-३ असा हरला. काही आठवड्यांतच पैशाअभावी तीरेसोनं हंगाम अर्ध्यावर सोडला.

चांगलं खेळलं म्हणजे नोकरी टिकते, असं आपण समजतो. इथं जगातली सर्वोत्तम आघाडीची खेळाडू चषक उचलत होती, आणि पाठीमागे मैदान गुंडाळलं जात होतं. तिनं तक्रारीचा सूर लावला नाही. बॅग भरली आणि पुढच्या गावी गेली.

२०१९ साली फ्रान्समधल्या विश्वचषकात ती कोणत्याच कंपनीचं चिन्ह नसलेले बूट घालून उतरली. पुरुषांना मिळणाऱ्या रकमेच्या तुलनेत तिला देऊ केलेले पैसे फारच थोडे होते, म्हणून तिनं करारच केला नव्हता. बुटावर फक्त समतेची खूण होती. ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोल झाल्यावर तिनं बोट त्या खुणेकडे दाखवलं. पुढच्याच सामन्यात इटलीविरुद्ध तिचा विश्वचषकातला सतरावा गोल झाला. पुरुष असो वा स्त्री, इतके गोल तोवर कुणाचेच नव्हते. मग फ्रान्सनं ब्राझीलला हरवलं. कॅमेऱ्यापुढे डोळे भरलेले असताना ती मायदेशातल्या मुलींना म्हणाली की मार्ता कायम राहणार नाही, आता तुमच्यावर आहे; शेवटी हसायचं असेल तर सुरुवातीला रडा.

२०१७ पासून ती ऑर्लंडो प्राइडची. हा क्लब टिकला. २०२४ च्या नोव्हेंबरात, अडतिसाव्या वर्षी, तिच्या नेतृत्वाखाली तो अमेरिकेचा विजेता झाला. त्याच वर्षी मे महिन्यात २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलला देण्याचं ठरलं.

आणि २ ऑगस्ट २०२५. किटोमध्ये कोपा अमेरिकाचा अंतिम सामना, समोर कोलंबिया. ब्याऐंशीव्या मिनिटाला मार्ता बदली खेळाडू म्हणून आत आली. ब्राझील २-३ असं मागे असताना, नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर तिनं लांबून चेंडू जाळ्यात धाडला. जादा वेळेत आणखी एक. कोलंबियानं पुन्हा बरोबरी साधली, ४-४. सामना पेनल्टीवर गेला. आपाला फोन लावून मी हे सगळं सांगत होतो. मार्ताची पेनल्टी अडवली गेली, असं मी म्हणालो, तेव्हा पलीकडून तिनं विचारलं, “मग?”

मग ब्राझीलची गोलरक्षक लोरेना पुढे आली, तिनं कोलंबियाचे फटके अडवले, आणि ब्राझील जिंकलं.