‘डॉर्ड’ची वंशावळ

वेबस्टरच्या न्यू इंटरनॅशनल या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९३४ साली निघाली. तिच्या ७७१व्या पानावर ‘डॉर्ड’ असा एक शब्द होता. नाम, भौतिक व रसायनशास्त्रातले, अर्थ, घनता. हा शब्द इंग्रजीत कोणी बोललेला नव्हता, कोणी लिहिलेला नव्हता. तरी तो कोशात कसा शिरला, हे आज नेमके सांगता येते, कारण कोशाच्या कचेरीने कामाच्या चिठ्ठ्या जपल्या होत्या.

मूळ चिठ्ठी ३१ जुलै १९३१ची, रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांची. घनतेसाठी मोठा ‘डी’ किंवा लहान ‘डी’ असा संक्षेप वापरतात, एवढेच तिच्यात नोंदवले होते. इंग्रजीत ‘किंवा’ला ‘ऑर’ म्हणतात. म्हणजे कागदावर उमटले ‘डी ऑर डी’, चारच रोमन अक्षरे, मध्ये मोकळ्या जागा. कोशाचे मुख्य शब्द टंकतानाही अक्षरे अशीच सुटी ठेवण्याचा तिथे प्रघात होता. शिवाय या आवृत्तीत संक्षेपांची यादी शब्दांपासून वेगळी काढायची होती. चिठ्ठी संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि चार अक्षरे जुळून त्यांचा एक शब्द झाला. पुढच्या हातांनी व्याकरण आणि उच्चार जोडले. मुद्रिते तपासणाऱ्यांनाही त्यात वावगे दिसले नाही. यात मला कोणाचाच हलगर्जीपणा दिसत नाही. समोर आलेल्या कागदावर प्रत्येकाने आपापले काम नीट केले होते.

वॉल्टर स्कीट या भाषाशास्त्रज्ञाने १८८६ साली अशा चुकून जन्मलेल्या शब्दांना ‘भूतशब्द’ म्हटले होते. असे काही शब्द हस्तलिखितांच्या नकलांतून निघत. हा मात्र कोशाच्या कचेरीतच जन्मला.

२८ फेब्रुवारी १९३९ला कोश चाळताना एका संपादकाला दिसले, की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही. सगळी पाळेमुळे हाती लागली ती या रिकाम्या जागेपासून. चिठ्ठ्या काढल्या गेल्या आणि छपाईच्या पाट्या तातडीने बदलण्याचा हुकूम सुटला. घनता हा अर्थ संक्षेपांत, म्हणजे मुळात जिथे जायचा होता तिथे गेला. ‘डॉर्ड’ गेल्याने पडलेली जागा भरायला शेजारच्या ‘डोरे भट्टी’ या नोंदीच्या व्याख्येत दोन-चार शब्द वाढवले गेले.

कोशाचे संपादक फिलिप गोव्ह यांनी १९५४ साली ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात ही सारी हकीकत स्वतःच छापली. आपल्याच घरची चूक तारखांसह जगापुढे मांडणे, हे मला त्या कोशाइतकेच मोलाचे वाटते.