आधी स्वतःचा ठावठिकाणा

समुद्रकाठचे दीपगृह नावाड्याला वाट दाखवू शकते, कारण ते कोठे उभे आहे हे नकाशावर आधीच नोंदलेले असते. ज्याची जागा कोणालाच ठाऊक नाही असे दीपगृह म्हणजे नुसताच दिवा! बिनतारी लहरींच्या साहाय्याने स्थान शोधण्याचा इतिहास पाहिला, तर एक प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. वाट दाखवणाऱ्याला त्याची स्वतःची जागा कोण सांगणार?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम ग्वायर व जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याचे संदेश टिपले आणि डॉप्लर परिणामावरून त्याची कक्षा काढली. १९५८ साली तेथीलच फ्रँक मॅक्लुअर यांनी हा प्रश्न उलटा केला. जमिनीवरची जागा ठाऊक असताना कक्षा काढता येते, तर कक्षा ठाऊक असताना जमिनीवरची जागा का काढता येऊ नये? यातून ‘ट्रान्झिट’ ही उपग्रहमालिका आणि पुढे जीपीएस उभी राहिली. जीपीएसचा प्रत्येक उपग्रह आपली कक्षा सतत सांगत असतो. अर्थात ती त्याला जमिनीवरची केंद्रेच कळवतात.

छपराखाली मात्र या लहरी स्लॅब आणि भिंती ओलांडताना फारच क्षीण होतात. म्हणून घरातली दीपगृहे शोधणे भाग पडले. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर लावायचा एक बिल्ला तयार केला. १९९२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. दर १५ सेकंदांनी तो अवरक्त किरणांचा संदेश देई व खोलीतला ग्राहक तो टिपे. पण कोणता ग्राहक कोणत्या खोलीत, हे माणसानेच नोंदवायचे! २००० साली मायक्रोसॉफ्टमधील परमवीर बहल व वेंकट पद्मनाभन यांनी ‘रडार’ नावाची पद्धत मांडली. एका मजल्यावर तीन बिनतारी केंद्रे ठेवून त्यांनी ७० ठिकाणी लहरींची तीव्रता मोजून ठेवली. त्या नोंदींशी तुलना करून माणसाची जागा साधारण २ ते ३ मीटरच्या चुकीने सांगता आली. येथेही आधी मोजणी करत हिंडणे आलेच.

दरम्यान वाय-फायचे डबे घरोघरी लागले, पण त्यांची जागा कोणी नोंदवली नाही. बॉस्टन येथे २००३ साली स्थापन झालेल्या स्कायहुक कंपनीने मोटारी फिरवून रस्त्यावर कोठे कोणत्या डब्याचा संदेश मिळतो याची सूची केली. गल्ली ओळखायला ती पुरेशी होती. खोली ओळखायला नव्हे आणि मजला तर नव्हेच.

२०१६ च्या वाय-फाय मानकात वेळेवरून अंतर मोजण्याची सोय आली. या लहरी एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातात. संदेश जाऊन परत येण्यास लागलेल्या वेळातून उत्तर देण्यास लागलेला वेळ वजा करायचा आणि उरलेला निम्मा करायचा. त्यामुळे दोन्हीकडची घड्याळे जुळवावी लागत नाहीत. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये ही सोय आली आणि १ ते २ मीटरची अचूकता आवाक्यात आली. पण डब्याचीच जागा १० मीटरने चुकीची असेल, तर ही सारी अचूकता वाया!

आणि हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. उंच इमारतीतून कोणी मदतीसाठी फोन केला, तर रुग्णवाहिकेतील माणसांनी कोणत्या मजल्यावर धावायचे? अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०१९ साली ठरवले, की अशा ८० टक्के फोनची उंची ३ मीटरच्या आत कळली पाहिजे. २०२० साली ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वाय-फायला खुला करताना अधिक शक्तीच्या डब्यांना त्याने आणखी एक अट घातली : आपली जागा आणि तीत संभवणारी चूक आपोआप शोधून कळवा. कारण त्याच पट्ट्यात जुने सूक्ष्मलहरी दुवे चालू आहेत. त्यांच्यात व्यत्यय येता कामा नये.

मग डब्याने आपली जागा शोधायची कशी? खिडकीजवळच्या डब्यांना जीपीएसचे संदेश थोडेफार मिळतात. डबे हलत नाहीत, त्यामुळे तासन्‌तास ऐकून सरासरी काढता येते. आतले डबे शेजाऱ्यांपासूनची अंतरे मोजतात. मग सर्व अंतरांशी उत्तम जुळणारी मांडणी गणिताने काढायची. ही युक्ती जुनीच आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून त्रिकोणांचे जाळे विणायला सुरुवात केली. ते कोन मोजत, येथे अंतरे मोजतात, एवढाच फरक. मोजमापांतील चुका वाटून घेणारी ‘लघुतम वर्ग’ पद्धत लजांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली. तीच येथेही कामी येते. सावध राहायचे ते भिंतींपासून. परावर्तित लहर लांबच्या वाटेने येते आणि अंतर जास्त भासवते.

हे वर्गात करून पाहता येईल. मैदानावर चार विद्यार्थी उभे करून सहाही अंतरे दोरीने मोजा आणि आकृती प्रमाणात काढा. कागद फिरवला वा उलटा केला, तरी अंतरे तीच राहतात. म्हणजे आकार कळला, जागा नव्हे. एका रेषेत नसलेल्या तिघांच्या जागा शाळेच्या नकाशावर पक्क्या करा. चौथ्याची आपोआप ठरेल. मग एक अंतर मुद्दाम चुकीचे लिहून आकृती पुन्हा काढायला सांगा. पाच अंतरांत आकृती पुरी होते आणि सहावे जुळत नाही. चूक नेमकी कोठे आहे, यावर विद्यार्थ्यांना वाद घालू द्या. लॅम्बटनपासून आजच्या वाय-फायच्या डब्यापर्यंत सर्वांपुढचा प्रश्न तोच आहे.