पाण्याच्या तांब्यापाशी धर्म बदलतो

गोष्टीतली बाई धर्म बदलते, तेव्हा ते आपल्याला कधी पटतं?

१८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. पदमनजी स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झालेले. त्यांची यमुना विधवांची दुःखं ऐकत फिरते, पुढे स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होते. विधवांचे हाल वाचताना आपला जीव कळवळतो. पण यमुनेचा ओढा ख्रिस्ताकडे आधीपासूनच आहे, त्यामुळे तिच्या मनातली ओढाताण कमी दिसते.

आता लक्ष्मीबाई टिळकांची खरी हकिगत ऐका. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं सुटलं नव्हतं. मग एकदा त्यांनी स्वतःलाच विचारलं, जात देवानं केली की माणसानं? उत्तर मिळालं, तशा त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे मोकळेपणानं सांगितलंय.

नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, असं लोक धरून चालत. लक्ष्मीबाईंनी स्वतःचा वेळ घेतला.

म्हणून गटात अशी गोष्ट लिहिताना आपण एवढं विचारू: तिनं काय सोडलं, कोण दुखावलं, किती दिवस लागले, आणि निर्णय कुणाचा होता?