थांबलेल्या प्रोसेसरचा इतिहास

संगणकाचा वेग जाहिरातीत प्रोसेसरच्या गिगाहर्ट्‌झमध्ये सांगितला जातो. प्रत्यक्षात गेली पाऊणशे वर्षे प्रोसेसरचा बराचसा वेळ मेमरीची वाट पाहण्यात गेला आहे. या ओढाताणीचे मूळ जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या एडव्हॅक अहवालात मांडलेल्या रचनेत आहे. आज्ञा आणि आकडे दोन्ही एकाच मेमरीत ठेवायचे, असे ती रचना सांगते. त्यामुळे प्रत्येक आज्ञेसाठी मेमरीकडे निदान एक खेप ठरलेलीच.

केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांनी उभारलेल्या एडसॅक संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिली आकडेमोड केली. त्याची मेमरी पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांची होती. नळीच्या एका टोकाला विजेच्या स्पंदाची ध्वनिलहर होई, ती पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोहोचे, तिथे तिची पुन्हा वीज होई आणि ती पहिल्या टोकाकडे परत पाठवली जाई. माहिती अशी अखंड फिरत राही. हवा तो आकडा टोकाशी येईपर्यंत यंत्राला थांबावे लागे. विजेवर चालणारे गणित ध्वनीच्या चालीने पुढे सरकत होते.

१९५४ च्या अखेरीस ग्राहकांकडे जाऊ लागलेल्या आयबीएम ६५० मध्ये पाऱ्याची जागा मिनिटाला १२,५०० फेरे घेणाऱ्या चुंबकीय ड्रमने घेतली. एका फेऱ्याला पाच मिलिसेकंदांहून थोडा कमी वेळ लागे. पुढची आज्ञा नुकतीच वाचनशीर्षाखालून निघून गेली असेल, तर जवळजवळ पूर्ण फेरा फुकट जाई. यावर काढलेला तोडगा मोठा चतुर होता. प्रत्येक आज्ञेतच पुढच्या आज्ञेचा पत्ता लिहिलेला असे. त्यामुळे आज्ञा ओळीने मांडण्याचे बंधन नव्हते. चालू आज्ञा संपताना ड्रमचा जो भाग वाचनशीर्षाखाली येणार, तिथे पुढची आज्ञा ठेवायची. यंत्र तेच, गणितही तेच. नुसत्या मांडणीने कार्यक्रम कित्येक पट लवकर संपे. हा हिशेब हाताने करणे जिकिरीचे असल्याने पुढे सोप नावाचा कार्यक्रमच ते काम करू लागला.

फिरत्या मेमरीतून सुटका केली ती फेराइटच्या बारीक कड्यांनी. तारांच्या जाळीत ओवलेली प्रत्येक कडी एक बिट धरून ठेवी आणि कोणत्याही पत्त्यापर्यंत पोहोचायला सारखाच वेळ लागे. एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९५३ मध्ये व्हर्लविंड संगणकाला ही मेमरी जोडली, तेव्हा त्याचा वेग जवळपास दुप्पट झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने हेच तंत्र लवकर उचलले. १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते आणि कड्यांच्या मेमरीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने हे दहा किलोबाइट. मोबाइलवरचे एक साधे छायाचित्रही त्यात बसणार नाही.

प्रोसेसर मात्र याहून वेगाने पुढे जात होते. मोठी मेमरी संथ आणि वेगवान मेमरी महाग, ही अडचण कायम होती. १९६५ मध्ये विल्क्स यांनी एका छोट्या लेखात मधला मार्ग सुचवला: नुकतीच लागलेली माहिती एका लहान, चपळ मेमरीत ठेवावी. कोठीघर दूर असले तरी मिसळणाचा डबा शेगडीशेजारी असतो, तसाच हा प्रकार. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३६०/८५ मध्ये ही कल्पना कॅश या नावाने बाजारात आली. त्याच्या प्रोसेसरचा ठोका ८० नॅनोसेकंदांचा होता आणि मुख्य मेमरीला एका खेपेसाठी सुमारे एक मायक्रोसेकंद लागे. हे अंतर कॅशने बव्हंशी झाकले.

त्याच सुमारास आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर यांत एक बिट साठवणारी डीरॅम शोधली. इंटेलची १९७० मधली ११०३ चिपही डीरॅमच होती, मात्र तिच्यात एका बिटाला तीन ट्रान्झिस्टर लागत. तिने कड्यांची मेमरी मोडीत काढली. कपॅसिटरमधला भार गळत असल्याने डीरॅमला तो पुनःपुन्हा भरावा लागतो, पण ती स्वस्त पडते. पुढे उत्पादकांनी तिची क्षमता वाढवण्यावर भर दिला. प्रतिसाद त्या मानाने फारच कमी सुधारला. १९८९ च्या इंटेल ४८६ मध्ये आठ किलोबाइटची कॅश प्रोसेसरच्याच चिपवर आली ती यामुळेच. १९९५ मध्ये विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी या वाढत्या दरीला ‘मेमरीची भिंत’ म्हटले.

रॅमचा, म्हणजे मुख्य मेमरीचा, आकार हा या गोष्टीचा वेगळा पदर आहे. रॅम अपुरी पडली की संगणक माहिती डिस्कवर ठेवून परत आणू लागतो आणि तिथे प्रतीक्षा हजारो पटींनी वाढते. म्हणून कमी रॅमच्या यंत्रात ती वाढवली की फरक लगेच जाणवतो. गरजेपुरती रॅम असल्यावर मात्र आणखी घालून फारसे काही होत नाही.

ठोका वाढवत नेण्याची शर्यत उष्णतेने रोखली. २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत सोडला आणि उत्पादक एका चिपवर अनेक कोअर बसवण्याकडे वळले. आता एकाच मेमरीकडे हात पसरणारे अनेक झाले. एएमडीने २०२२ मध्ये रायझेन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला. आधीच्या ५८००एक्सइतकेच आठ कोअर त्यात आहेत आणि ठोका उलट थोडा कमी आहे. फक्त त्यावर कॅशचा जादा थर रचून ती ३२ वरून ९६ मेगाबाइट केली आहे. अनेक खेळांत तो आपल्या या थोरल्या भावापेक्षा वेगवान ठरला.